साडेसात किलो चिवडा, २० पाकिटं: भागाकार नेमका कसा करायचा?

व्हिडिओत आपण पाकिटाची किंमत काढली. त्यातला भागाकार इथे कागदावर सावकाश बघू.

समजा तुमच्याकडे साडेसात किलो चिवडा तयार आहे आणि ऑर्डर आहे २० पाकिटांची. बरेच जण म्हणतात, "भरा चारशे-चारशे ग्रॅम." आता २० × ४०० म्हणजे ८ किलो. माल आहे साडेसात! १८ पाकिटं भरतात, ३०० ग्रॅम उरतो आणि दोन पाकिटं कमी पडतात.

साडेसात म्हणजे ७ पूर्णांक १/२. आधी त्याचे सगळे अर्धे करा: सात दुणे चौदा आणि एक, पंधरा. म्हणजे १५/२. याला २० ने भागायचं, म्हणजेच १/२० ने गुणायचं. १५/४०, संक्षेप दिला की ३/८ किलो. १००० ग्रॅमचे ३/८ म्हणजे ३७५ ग्रॅम. झालं!

पूर्ण घाण्याचा खर्च १५०० रुपये असेल तर किलोला २०० आणि पाकिटाला ७५ पडतात. हिशोब ७५ चा धरून तुम्ही ४०० ग्रॅम भरलात, तर खरा खर्च ८० होतो. पाकिटामागे ५ रुपये गेले, तेही गुपचूप. उलट, छापलंय त्यापेक्षा कमी भरलंत तर ग्राहक तर जातोच, वर वैधमापनवाल्यांची कारवाई. (छापायचं ते निव्वळ वजन. काट्यावर रिकामा पाउच ठेवून आधी शून्य करून घ्या.)

आपल्या बोलीतल्या 'पावणे'ने मात्र सांभाळून राहा. फोनवर "पावणेचार" ऐकलं की नवीन पोरं सव्वाचार लिहून मोकळी होतात. पावणेचार म्हणजे ३ पूर्णांक ३/४, म्हणजे १५/४. त्याचे ५ भाग करायचे तर गुणाकाराचीही गरज नाही. वरच्या १५ ला ५ ने भाग जातो, म्हणून ३/४, पाऊण किलो. वरच्याला पूर्ण भाग जात नसेल तरच खालच्याला गुणा.

आणि उत्तर कधी वेडंवाकडंही येतं. अडीच किलोची १२ पाकिटं केली तर ५/२४ किलो, २०८ ग्रॅम आणि वर थोडं. असं वजन छापू नका. २०० ग्रॅमची १२ करा, उरलेला १०० ग्रॅम चव द्यायला काउंटरवर ठेवा. फक्त तो खर्च १२ पाकिटांत धरायला विसरू नका.

आता तुम्ही सांगा, कॅल्क्युलेटर न काढता: सव्वासहा किलो शेव, २५ पाकिटं. एकात किती?