खाऊ, खुराडे आणि धोंडा

आमच्या आईला कोंबड्या मोजायला आकडे लागत नाहीत. तिन्हीसांजेला ती परसात उभी राहते, ओच्यातल्या मूठभर कण्या अंगणात उधळते आणि 'ती... ती... ती...' अशी साद घालते. मग जांभळीखालून, गडग्याच्या आडून, केळींच्या बुंध्यातून एकेक स्वारी धावत येते. त्यांच्या त्या गर्दीकडे एकदा नजर टाकून आई सांगते, "ठिपक्याची आली नाही अजून." आणि खरोखरच ठिपक्याची आलेली नसते.

वयाची ऐंशी ओलांडलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या बाईला हे कसे जमते, याचे मला वर्षानुवर्षे कौतुक वाटत आले. पण ती मूठभर कण्या का उधळते, हे कळायला मात्र मला साठी उलटावी लागली आणि पाच कोंबड्यांचा जीव जावा लागला. आज सांगायचे आहे ते त्याचेच.

बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी संपवून मी २०१९ साली निवृत्त झालो आणि काही काळाने चिपळूणच्या बाजूच्या आमच्या गावी राहायला आलो. माणूस निवृत्त झाला की त्याला सुधारणा सुचू लागतात. माझी नजर पहिल्यांदा गेली ती पडवीलगतच्या खुराड्यावर. जांभ्याच्या चिऱ्यांचे, जेमतेम दोन हात उंचीचे, आत मिट्ट काळोख. दाराला फणसाची एक फळी आणि त्या फळीला टेकवायला एक मोठा धोंडा. कडी नाही, बिजागरी नाही. आत वाकून झाडायचे म्हटले तर नाकाला पदर लावावा लागे.

"हे पाडू या," मी म्हटले. "तुला चांगले शास्त्रशुद्ध घर बांधून देतो."

आई काही बोलली नाही. ज्या खुराड्यातल्या अंड्यांवर माझी शाळेची फी निघाली, ते मी एका दुपारी पहारीने मोकळे केले. तेव्हा ती आत तांदूळ निवडत बसली होती.

आठ बाय चारचा बंगला

२०२२च्या जानेवारीत नवे घर उभे राहिले. मी त्याचा अभ्यास केला होता, हे कबूल केले पाहिजे. एका कोंबडीला आत निदान तीन ते चार चौरस फूट जागा हवी, म्हणून नऊ तलंगांसाठी आठ फूट बाय चार फूट. कोंबड्यांना घाम येत नाही. त्या चोच उघडून धापा टाकतात आणि उष्णता बाहेर टाकतात. म्हणून छपराखाली वारा खेळायला चारी बाजूंनी जाळीची पट्टी ठेवली. विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो डोळ्यांना, श्वासाला जाचतो. तो उंचावरून निघून जावा आणि झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर मात्र थेट झोत येऊ नये, अशी ही योजना.

बसायला दांडी केली ती गोल नव्हे, दोन इंच रुंदीची चपटी, कडा घासलेली. कोंबडी झोपताना पायांवर बसते आणि पोटाच्या पिसांखाली बोटे झाकून घेते. दर कोंबडीला आठ-दहा इंच दांडी लागते. अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा ही दांडी उंच हवी. तशी नसली तर रात्री सगळ्या जणी खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी मळकी मिळतात. कारण कोंबडी जागा निवडते ती आपल्या सोयीची नव्हे, उंचावरची. सह्याद्रीतला रानकोंबडा आजही झाडावर रात्र काढतो, आणि आपल्या परसातल्या कोंबडीनेही ती रानातली सवय सोडलेली नाही.

चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीचे एक खोके पुरते. खाली भाताचे तूस पसरले. तलंगा आणल्या गिरिराजा जातीच्या. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पाळणुकीसाठी ही जात तयार केली. गावठीपेक्षा ही अंगाने भारी आणि अंडीही दुपटीहून जास्त देणारी. घराला हिरवा रंग दिला आणि बाहेर फिरायला जाळीचे आवार केले. शेजारचे बघायला येऊ लागले. आई मात्र लांबून बघे आणि म्हणे, "छान आहे."

बाटलीतला खाऊ

मे महिन्यात पुण्याहून नात आली आणि आमच्या कोंबड्यांचे लाड सुरू झाले. आम्ही दोघांनी मिळून 'खाऊ-बाटली' तयार केली. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तापलेल्या खिळ्याने भोके पाडायची, आत मक्याचा भरडा भरायचा आणि बाटली आडवी टाकायची. कोंबडीने चोच मारली की बाटली गडगडते आणि दोन दाणे सांडतात. दुसऱ्या दिवशी कोबीचा गड्डा सुतळीने टांगला. नऊ जणी उड्या मारमारून त्याचे पान तोडत होत्या आणि नात हसून लोटपोट होत होती. त्यात कलिंगडाच्या साली आल्या, पोह्यांची उष्टी बशी आली, एकदा तर फरसाणही गेले.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? पंधरवड्यात अंडी निम्म्यावर आली. जी आली त्यांतली दोन कवचाविना, नुसत्या पातळ पापुद्र्यात. मी घाबरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या त्यांचे खाद्य खातात का?" मी म्हटले, पोट भरल्यावर कशाला खातील? ते हसले.

हिशेब सोपा होता आणि तो बँकेतल्या माणसाला सुचला नव्हता. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. त्यातच तिची प्रथिने, त्यातच कवचाचे कॅल्शियम. खाऊ त्याच्या एक दशांशाहून जास्त झाला की तो तितके खाद्य पोटातून हटवतो. एक दशांश म्हणजे दहा-बारा ग्रॅम, एक मोठा चमचा! आम्ही ओंजळी ओतत होतो. खारट फरसाण तर द्यायचेच नाही. कच्चा राजमा नाही. बुरशी धरलेले दाणे किंवा पेंड तर अजिबात नाही, आणि कोकणच्या पावसात ती बुरशी चार दिवसांत धरते. शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात कायम असावा. ज्या कोंबडीला जेवढा लागतो, तेवढा ती आपण होऊन टिपते.

डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले. "बाटली टाकून देऊ नका. भोके लहान करा. तिला दाणा नकोय, काम हवंय." कोंबडीचा दिवस मुळात उकरण्यात आणि टोचण्यात जायचा असतो. ते काम नसले की ती शेजारणीची पिसे टोचू लागते. समोर आयते खाद्य ठेवलेले असतानाही कोंबड्या उकरून, खटपट करून दाणा मिळवायला जातात, हे अभ्यासकांनी पाहिलेले आहे. आमची बाटली चुकली नव्हती, आमचा हात चुकला होता.

मृगाचा पहिला पाऊस

नात पुण्याला परतली आणि पाऊस सुरू झाला. जूनमधल्या एका रविवारी मी अंमळ उशिरा उठलो. दार बंद होते, कडी जागच्या जागी होती, आणि आत पाच कोंबड्या मरून पडल्या होत्या. चार वर दांडीवर थिजून बसल्या होत्या. कोपऱ्यात जाळीखाली ओल्या मातीत मुठीएवढे बीळ होते. उजाडता उजाडता मुंगूस आले होते.

मी जाळी लावली होती ती षटकोनी भोकांची, 'कोंबडीजाळी' म्हणूनच दुकानात मिळते ती. ती कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवायला ती नसते. रानमांजर ती पंजाने फाडते आणि साप भोकातून सहज येतो. खालून उकरणाऱ्याला तर अडवायला मी काहीच ठेवले नव्हते. रंग, दांडी, वारा, बाटली, सगळ्याचा विचार केला होता. जमिनीचा केला नव्हता.

आई आली. तिने एक कोंबडी उचलली, तिची मान पदराने पुसली आणि म्हणाली, "घर चांगलं बांधलंस रे. पण कोण राहणार ते धरून बांधलंस, कोण येणार ते धरून नाही."

मग ती मला गोठ्यामागे घेऊन गेली. मी पाडलेल्या खुराड्याचे चिरे तिने गड्याकडून तिथे नीट रचून ठेवले होते. फळी होती, धोंडाही होता.

त्या आठवड्यात आम्ही ते घर पुन्हा बांधले. तळाला आईचे चिरे बसवले. आवाराभोवती अर्धा इंची वेल्डमेश लावली आणि ती फूटभर खाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवली. उकरणारा जाळीला लागूनच उकरतो, मागे सरकून उकरण्याचे त्याला सुचत नाही. वरची वाऱ्याची पट्टी तशीच ठेवली, पण तिलाही तीच जाळी लावली. दार कडीचे राहिले, आणि त्या दाराला धोंडाही.

आईचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. माझ्या लहानपणी एका वर्षी गावात 'मर' आली आणि तीन दिवसांत आमचे खुराडे रिकामे झाले. त्या सहामाहीची माझी फी काकांनी भरली. आई अजूनही तिला 'नजर लागली' म्हणते. ती मानमोडी होती, राणीखेत. कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२७च्या सुमारास हा रोग आपल्याकडे ओळखला गेला, म्हणून ते नाव. त्याला औषध नाही, पण लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून आणखी एक शिस्त आली. पाण्याची आणि खाद्याची भांडी रानपाखरांना शिवू द्यायची नाहीत, आणि खुराडे झाडले की हात साबणाने धुवायचे. चिऱ्यांची भिंत मुंगसाला अडवते, रोगाला अडवत नाही. पुढच्या पिल्लांना लस देताना आईनेच एकेक ओंजळीत धरून डॉक्टरांसमोर केले. "नजर उतरवायची का?" मी विचारले. "तीही उतरवली," ती म्हणाली.

आता खाऊ मोजून असतो. बाटली दुपारी, भोके बारीक. आणि संध्याकाळी आईच्या ओच्यातली मूठ. ती मूठ पोटासाठी नसते, हे मला आता कळते. दिवसभर गडग्यापलीकडे हिंडलेल्या जिवांना काळोख पडण्यापूर्वी घराकडे बोलावण्याची ती हाक आहे. त्या एका मुठीत कोण आली, कोण नाही, कोणाचा पाय दुखावला आहे, कोणाचा तुरा फिकुटला आहे, हे सगळे ती बघून घेते. आपण खाऊ देतो तो आपल्याला मजा वाटावी म्हणून. ती देत होती ते दार लावण्यापूर्वी मोजता यावे म्हणून.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, म्हणतात. पण ते तांबडे बघायला कोंबडे जिवंत हवे असेल, तर रात्री ते नीट झाकावे लागते.

रात्री नऊच्या सुमारास, अंथरुणावर पडल्या पडल्या, आई आतून विचारते, "धोंडा लावलास?"

लावलेला असतो. तरीही मी बॅटरी घेऊन एकदा बाहेर जाऊन येतो.