माशाच्या कातडीने भरते जखम : आइसलँडने काय केलं आणि आपण काय शिकावं

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका खालांच्या पायाला जखम झाली. नवीन चप्पल चावली, एवढंच निमित्त. शुगर पंधरा वर्षांची जुनी, त्यामुळे दुखलंच नाही आणि लक्षही गेलं नाही. जखम खोल गेल्यावर डॉक्टरांनी कोलॅजनची पट्टी लावायला सांगितलं. घरात कोणीतरी म्हणालं, "कोलॅजन म्हणजे डुकराचं असतं, लावू नका." मग कोणाला विचारायचं, कोण खरं सांगेल, यात तीन आठवडे निघून गेले. शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला.

पट्टी लावली असती तर अंगठा वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. ते डॉक्टरसुद्धा छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत. पण नंतर त्या पट्टीचं पाकीट पाहिलं, तर त्यावर लिहिलं होतं की हे कोलॅजन माशापासून काढलेलं आहे. तीन आठवड्यांत ते पाकीट कोणी वाचलंच नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ऊती शिकवताना हा किस्सा मी मुलांना सांगते. आज तोच विषय जरा सविस्तर मांडते, कारण तो फक्त जखमेचा नाही. मासे, व्यापार, रोजगार आणि आपल्या कोकणातली बंदरं हे सगळं त्यात येतं.

जखम भरते कशी?

आपल्या त्वचेचे मुख्य दोन थर. वरची बाह्यत्वचा आणि खालची अंतस्त्वचा. वरचं खरचटलं तर पेशी कडेकडेने वाढतात आणि काही दिवसांत खूणही राहत नाही. पण जखम अंतस्त्वचेच्या आत गेली की तो थर पहिल्यासारखा तयार होत नाही. शरीर घाईघाईने ठिगळ लावतं, त्यालाच आपण व्रण म्हणतो.

अंतस्त्वचा म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं. दोडक्याच्या वेलीला मांडव लागतो, तसा पेशींना हा मांडव लागतो. मांडव असेल तर पेशी त्यावर चढतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, नवी ऊती तयार होते. मधुमेहात दोन्हीकडून अडचण होते. नसा बधिर झाल्याने जखम कळत नाही आणि बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याने तिथे पुरेसं रक्त पोहोचत नाही. महिनोन्महिने जखम तिथेच थांबते, जंतू शिरतात, आणि मग बोट, पाऊल, कधी गुडघ्यापर्यंत पाय जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरं तरी आहेत जिथे ही भीती आहे.

ऊती पुन्हा उभी करण्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवणं. १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून दाखवल्या. या रस्त्याने विज्ञान किती पुढे गेलं, त्याचं उदाहरण २०१७ मध्ये जगासमोर आलं. सीरियातून जर्मनीत आसरा घेतलेल्या कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा. जन्मजात आजारामुळे त्याची बहुतेक त्वचा निघून गेली होती. जर्मनीतल्या बोखुम शहरातले डॉक्टर आणि इटलीतल्या मोडेना शहरातले शास्त्रज्ञ यांनी त्याच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेतला, पेशींमधलं बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, त्वचेचे पडदे वाढवले आणि शरीराच्या जवळपास ८० टक्के भागावर नवी त्वचा बसवली. तो मुलगा पुन्हा शाळेत गेला. सुब्हानअल्लाह!

पण हा उपचार एका रुग्णासाठी एकदाच बनतो. त्याला खर्च अफाट, वेळ खूप. तो पेटीत भरून दुसऱ्या देशात विकता येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पेशी न देता फक्त मांडव द्यायचा, आणि पेशी शरीराच्याच येऊ द्यायच्या. हा मांडव कारखान्यात बनतो, निर्जंतुक होतो, पाकिटात बंद होतो आणि विमानाने जगभर जातो. व्यापाराची गोष्ट इथून सुरू होते.

मांडव येतो कुठून?

जनावरांच्या कातडीतून, आतड्यातून, स्नायूबंधातून. काही उत्पादनं गाई-बैलांपासून बनतात, काही डुकरापासून, काही माणसांनी दान केलेल्या त्वचेपासून. जमिनीवरच्या प्राण्यांच्या ऊतींमधून माणसाला विषाणू लागण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्यावर कडक रासायनिक प्रक्रिया करावी लागते. त्या प्रक्रियेत जाळ्याची मूळ रचना आणि त्यातले चांगले स्निग्ध घटक बरेचसे नष्ट होतात.

थंड समुद्रातल्या कॉड माशाचं तसं नाही. त्याचे रोग माणसाला लागत नाहीत. त्यामुळे सौम्य प्रक्रिया पुरते. माशाच्या पेशी काढून टाकायच्या, कोलॅजनचं सच्छिद्र जाळं आणि ओमेगा-३ स्निग्धाम्लं राखायची, आणि कातडी गोठवून वाळवायची. ही पट्टी फ्रीजशिवाय कपाटात राहते. जखम स्वच्छ करून तिच्यावर ठेवली की आपल्या पेशी त्या छिद्रांत शिरतात आणि हळूहळू ती कातडी शरीरात विरघळून जाते. उरते ती आपली स्वतःची ऊती.

२०२४ मध्ये युरोपातल्या २५५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. हे सगळे मधुमेहाच्या खोल जखमांचे रुग्ण होते. १६ आठवड्यांत नेहमीच्या उपचाराने सुमारे २६ टक्के लोकांच्या जखमा पूर्ण भरल्या, माशाच्या कातडीने ४४ टक्के लोकांच्या. म्हणजे शंभरातल्या १८ जणांना जास्तीचा फायदा. हा जादूचा इलाज नाही, निम्म्याहून जास्त जखमा तेवढ्या वेळात भरल्याच नाहीत. पण ज्याचा पाय वाचला, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरातही तिलापिया माशाच्या कातडीने भाजलेल्या रुग्णांवर उपचार झाले. तिथे ती शरीरात विरघळत नाही, वरून चिकटलेली राहते आणि रोज पट्टी बदलताना होणाऱ्या यातना वाचवते. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना ज्याने पाहिलं असेल, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

एका छोट्या देशाची हिंमत

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. शेती जेमतेम, समुद्र मात्र भरपूर. त्याच माशांसाठी त्यांचं ब्रिटनशी तीनदा भांडण झालं, त्याला कॉड युद्ध म्हणतात. आइसलँडच्या गस्ती नौका ब्रिटिश ट्रॉलरची जाळी कापत. शेवटी १९७६ मध्ये ब्रिटनने आइसलँडची २०० सागरी मैलांची हद्द मान्य केली. भारतानेही त्याच वर्षी कायदा करून २०० मैलांचं क्षेत्र आपलं म्हणून ठरवलं.

पण हद्द मिळाली तरी मासा कमी होत होता. १९८० च्या सुमारास आइसलँडमध्ये वर्षाला चार लाख टनांच्या वर कॉड पकडला जाई. १९८४ पासून कोटा लावला आणि पकड पुढे साधारण निम्म्यावर आली. आता प्रश्न असा होता की मासा निम्मा पकडायचा तर पोट कसं भरायचं? उत्तर निघालं की एका माशातून दुप्पट कमाई करायची. यकृताचं तेल, वाळवलेली डोकी (ती नायजेरियाला जातात, तिथे त्यांचं कालवण आवडीने खातात), आतड्यातून एन्झाइम, कोळंबीच्या टरफलातून कायटोसान आणि कातडीतून जखमेची पट्टी.

कातडीचं काम करणारी केरेसिस ही कंपनी इसाफ्योर्दुर नावाच्या गावात उभी राहिली. तीन हजारांच्या आत वस्तीचं ते मासेमारीचं गाव. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या पट्टीला परवानगी दिली. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डेन्मार्कच्या कोलोप्लास्ट कंपनीने केरेसिस १३० कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला विकत घेण्याचा करार केला. आपल्या रुपयांत दहा हजार कोटींच्या वर. एरवी फेकून दिली जाणारी किंवा खाद्यात दळली जाणारी कातडी, तिची ही किंमत झाली.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेची वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना मेडिकेअर. तिचा अशा सगळ्या त्वचा-पर्यायांवरचा खर्च २०१९ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर होता, तो २०२४ मध्ये १००० कोटी डॉलरच्या पुढे गेला. भाव इतके भडकले की सरकारला दरावर लगाम घालावा लागला. विज्ञान चांगलं असलं तरी बाजारात आल्यावर ते गरिबापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

आपली बंदरं, आपली कोळंबी

रत्नागिरीचं मिरकरवाडा असो की हर्णै, मासेमारीवर आपल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची चूल पेटते. भारत माशांच्या निर्यातीतून वर्षाला ६० हजार कोटी रुपयांच्या आसपास कमावतो. त्यात किमतीने सर्वात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आणि सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा सगळ्यात आधी धडकी भरली ती कोळंबीवाल्यांना. एकच माल आणि एकच गिऱ्हाईक असलं की असं होतं.

कोळंबी सोलून आपण मांस पाठवतो, टरफल इथेच राहतं. त्या टरफलातून निघणारं कायटोसान रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत वापरलं जातं. माशांची कातडी आणि खवले बहुतेक फिशमीलमध्ये जातात. आपल्याकडे ज्ञान नाही असं नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था माशांपासून कोलॅजन आणि कायटोसान काढण्यावर काम करते. भारतात बनलेल्या माशाच्या कोलॅजनच्या पट्ट्याही बाजारात आहेत. कमी पडतं ते बंदर, प्रयोगशाळा आणि हॉस्पिटल यांना जोडणारं माणूसबळ. मासा कोणत्या बोटीने, कधी, कुठे धरला याची नोंद, स्वच्छता, चाचण्या, पेटंट, परवानग्या, हे सगळं लागतं. कच्चा माल विकणाऱ्याला किलोचा भाव मिळतो आणि हे सगळं करणाऱ्याला चौरस सेंटीमीटरचा.

आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट आहे. त्यातलं कोकणात काय येईल, हे आपल्या मुलांनी काय शिकलंय त्यावर बरंचसं ठरेल. बोटीवर जाणाऱ्या बापाचा मुलगा किंवा मुलगी मत्स्यविज्ञान, जैवतंत्रज्ञान, फार्मसी शिकली तर घरचा धंदा सुटत नाही, वर चढतो. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. बारावी सायन्स केलेल्या आपल्या किती मुलांना ते माहीत आहे?

हलाल-हरामचा प्रश्न

हा प्रश्न विचारण्यात काहीही चूक नाही. विचारायलाच हवा, पण लवकर आणि योग्य माणसाला. मासा सर्व मसलकांत हलाल आहे आणि त्याला जबह लागत नाही, त्यामुळे माशाच्या पट्टीबाबत अडचण येत नाही. दुसऱ्या प्राण्याचं असेल तर आलिम साहेबांना विचारा. पर्याय नसताना जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी शरियतमध्ये जरूरतचा नियम आहे, त्याचा खुलासा तेच करतील. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजला फतवा समजू नका.

घरात कोणाला शुगर असेल तर एवढं करा:

• रोज रात्री पायाचे तळवे आणि बोटांच्या फटी उजेडात बघा. वयस्कर माणसांना वाकता येत नाही, मुलांनी बघावं.

• वजू करताना पाय धुतोच, नंतर बोटांमधली जागा कोरडी करा. गरम पाणी आधी कोपराने तपासा, बधिर पायाला चटका कळत नाही.

• जखम, फोड किंवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, तंबाखू, चुना लावू नका.

• डॉक्टरांनी पट्टी सांगितली तर तिथेच विचारा, "हे कशापासून बनलंय? माशाचं मिळेल का?" पाकीट मागा आणि वाचा.

• पट्टी लावली तरी शुगर ताब्यात ठेवणं, जखमेवर भार न देणं आणि जखम वेळोवेळी साफ करून घेणं चुकवू नका. त्याशिवाय कोणताही मांडव टिकत नाही.

त्या खाला आता बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. चालताना जरा लंगडतात. त्यांची नात माझ्याच शाळेत आहे. रोज रात्री टॉर्च घेऊन दादीचे दोन्ही पाय बघायचं काम आता तिच्याकडे आहे.