वैयक्तिक संगणकासाठी सुसंगत बायोसची निवड : एक विवेचन

प्रास्ताविक

संगणकाची कळ दाबल्यापासून विंडोज अथवा लिनक्स ही कार्यप्रणाली सुरू होईपर्यंत यंत्राचा ताबा मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमधील आज्ञावलीकडे असतो. तिलाच बायोस म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये तिचा आकार ८ किलोबाइट होता. आज तिची जागा यूईएफआय या विस्तृत रचनेने घेतली असली, तरी व्यवहारात जुनेच नाव टिकून आहे व येथेही तेच वापरले आहे. प्रयोगशाळेतील यंत्रात नवा प्रोसेसर बसविताना योग्य बायोस कोणता, हा प्रश्न उद्भवतो. 'सर्वांत नवी आवृत्ती' हे त्याचे प्रचलित उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

नवी आवृत्ती आणि सुसंगतता

एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या एकाच सॉकेटसाठी २०१७ ते २०२० या काळात रायझनच्या अनेक पिढ्या आल्या. प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसला म्हणजे तो चालेलच असे नाही; त्याला जागृत करणाऱ्या आज्ञा बायोसमध्ये असाव्या लागतात. २०१८ मध्ये नवे प्रोसेसर जुन्या बायोसच्या मदरबोर्डवर सुरू होईनात. प्रोसेसर चालण्यासाठी नवा बायोस हवा आणि बायोस बदलण्यासाठी चालणारा प्रोसेसर हवा, असा हा पेच होता. तो सोडविण्यासाठी एएमडीने ग्राहकांना तात्पुरता प्रोसेसर उसना दिला. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते. खरेदीपूर्वी ती अवश्य पाहावी.

याच्या उलट अडचण २०१९ मध्ये दिसली. अनेक मदरबोर्डांवरील फ्लॅश चिप केवळ १६ मेगाबाइटची होती. तिसऱ्या पिढीच्या आज्ञांना जागा करण्यासाठी काही उत्पादकांनी जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. ते प्रोसेसर वापरणाऱ्याने नवा बायोस भरला, तर चालते यंत्र बंद पडण्याचीच शक्यता होती.

अर्थात 'चालते आहे, तर हात लावू नये' हाही नियम निरपवाद नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांना अवाजवी विद्युत्दाबामुळे कायमची इजा होत होती. २०२४ मधील उपाय बायोसमधूनच आला. तो पुढील हानी रोखतो, झालेली भरून काढीत नाही. येथे दिरंगाई महाग पडते.

निवडीची पद्धती

प्रथम मदरबोर्डचे नेमके नाव व त्यावर छापलेला सुधारणा-क्रमांक पाहावा. नाव एकच असूनही क्रमांकागणिक बायोस भिन्न असू शकतो. विंडोजमधील 'सिस्टिम इन्फर्मेशन' सध्याची आवृत्ती दाखविते. त्यानंतर उत्पादकाच्या प्रोसेसर-सूचीत आपला प्रोसेसर कोणत्या आवृत्तीपासून चालतो हे शोधावे. मधली एखादी आवृत्ती आधी भरणे आवश्यक असल्यास तशी सूचना असते. ती डावलू नये. तयार ब्रँडेड संगणकासाठी त्या संगणक-कंपनीचाच बायोस घ्यावा. बिटलॉकर सुरू असल्यास ते आधी स्थगित करावे, आणि यूपीएसविना हे काम करू नये, कारण लेखन अर्धवट राहिल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी 'अपात्र' ठरलेल्या काही यंत्रांत टीपीएम २.० असूनही ते बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. तेथे बायोस नव्हे, केवळ त्यातील एक पर्याय बदलावयाचा असतो.