स्टुटगार्टचं वार्तापत्र : पेटीतली रिकामी खाच

गावाकडून येणाऱ्या फोनवर हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिकडे यायचं तर जर्मन कितपत यावं लागतं? विचारणारा बहुतेक आयटीआय झालेला. कधी चंद्रपूरचा फिटर, कधी आरमोरीचा इलेक्ट्रिशियन. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीचा आकडा दहा हजारांचा सांगितला, आणि त्या राज्याच्या राजधानीचं, स्टुटगार्टचं, नाव आपल्याकडच्या आयटीआयच्या व्हरांड्यापर्यंत पोहोचलं. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, पण ते दोन्हीकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.) भाषेचं उत्तर सोपं आहे : लागते, आणि चांगली लागते. त्यापुढचं कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र इथल्या कारागिराच्या हत्यारपेटीबद्दल.

इथे प्लंबर असो, सुतार असो, तो व्हॅनचं दार सरकवतो तेव्हा आत एकावर एक चढवलेल्या, एकमेकींत अडकवलेल्या प्लास्टिकच्या पेट्या दिसतात. लांबी-रुंदी सगळ्यांची सारखी, उंची तेवढी कमीजास्त. यातलं गाजलेलं नाव सिस्टेनर. बायर्नमधल्या इलरटिसेनच्या टानोस कंपनीने ती १९९३ मध्ये आणली आणि स्टुटगार्टजवळच्या वेंडलिंगेनची फेस्टूल आपली यंत्रं त्याच पेटीत घालून विकते. माप ३९६ बाय २९६ मिलिमीटर. आकडे विचित्र वाटतात, पण मालवाहतुकीचं युरो पॅलेट १२०० बाय ८०० चं असतं, आणि त्यावर ४०० बाय ३०० च्या बरोबर आठ चौकटी बसतात. वर चार-चार मिलिमीटर मोकळे सोडले की पेट्या एकमेकींना घासत नाहीत. गोदामातल्या पॅलेटपासून सुताराच्या हातातल्या पेटीपर्यंत एकच गुणाकार. जर्मनी समजून घ्यायची असेल तर गटे-बेटहोफन नंतर बघू, आधी हे बघावं.

पेटी बाजारात मिळते. तिच्या आतलं मात्र ज्याचं त्याने करायचं, आणि खरी कारागिरी तिथेच असते. मी काम करतो त्या वर्कशॉपातला शिकाऊ मुलगाही ते करतो. आधी पेटीच्या तळाच्या मापाचा कागद कापून त्यावर सगळी हत्यारं मांडायची. हे काम सगळ्यात वेळखाऊ. कुठला पाना कुठल्या पकडीशेजारी, रोज लागणारं पुढे, जड ते असं की पेटी उचलल्यावर एका बाजूला कलू नये. मांडणी पटली की पेन्सिल अगदी उभी धरून प्रत्येकाची बाह्यरेषा काढायची. पेन्सिल तिरपी झाली की खाचेचं माप चुकतं. मग फोम. गादीतला स्पंज चालत नाही. तो तेल पितो आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. पॉलिइथिलीनचा टणक, बंद छिद्रांचा फोम घ्यायचा. कटरचं पातं लांब बाहेर काढून, एका दमात न कापता, तीन-चार हलक्या फेऱ्यांत रेषेच्या केसभर आतून कापायचं, म्हणजे फोम हत्याराला स्वतःच धरून ठेवतो. खाचेची खोली हत्याराच्या निम्म्याहून थोडी जास्त. शेजारी बोट घालायला अर्धगोल खळगा हवाच. तो नसला तर पाना बाहेर काढायला दुसरा पाना शोधावा लागतो. वरचा थर काळा आणि खालचा लाल किंवा पिवळा. शेवटी झाकण लावून पेटी उलटी करायची आणि हलवायची. आत खडखडाट झाला की पुन्हा कटर हातात.

खालचा थर रंगीत कशासाठी? संध्याकाळी काळ्या फोममध्ये पान्याचा लाल आकार चमकला, तर पाना अजून कुठेतरी पडलेला आहे. यादी नको, मोजणी नको. विमानदुरुस्तीत ही पद्धत फार कडकपणे पाळतात, कारण तिथे विसरलेला स्क्रूड्रायव्हर इंजिनात निघू शकतो.

सगळं जागच्या जागी ठेवायची ही सवय पेटीपाशी सुरू होत नाही. स्टुटगार्टच्या परिसरात केअरवोखे नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी टांगलेली. तिचं मूळ १४९२ च्या शहर-नियमांत सांगतात. नव्या भाडेकरूला वाटतं, राहील एखादा आठवडा. शेजारच्या आजीबाईंना तसं वाटत नाही. कारखान्यातही तेच. औद्योगिक मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षांचं. काही दिवस शाळेत, बाकीचे कंपनीत. सुरुवात आपल्या फिटर ट्रेडसारखीच, कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायची. हात आपल्या मुलांचा कमी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. फरक दिवसाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पडतो. इथे ती कामातच धरलेली असतात. आपल्याकडे तोवर पोरगं चप्पल घालून उभं असतं.

अतिरेकही इथलाच. काहीजण प्रत्येक पान्यासाठी कंपनीचा तयार फोम विकत घेतात. मग पान्याची कंपनी बदलली की तो फोम कचऱ्यात. २०२२ पासून ग्रिडफिनिटी नावाची ४२ मिलिमीटर चौकटींची पद्धत थ्रीडी प्रिंटरवाल्यांत गाजते आहे, आणि त्यात खण छापण्यातच सुट्ट्या घालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या पेट्या देखण्या असतात. त्यातल्या पटाशीला धार किती, हे मी विचारत नाही.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं. हत्याराला ठरलेला कप्पा आपल्याला नवा नाही. नाभिकाची धोकटी आठवा. पण गरज कुणाला जास्त, असं विचारलं तर मी जर्मन सुताराआधी भामरागडच्या लाइनमनचं नाव घेईन. पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटतं. डोंगीतून पलीकडे गेल्यावर इन्सुलेटेड पक्कड अलीकडच्या काठावर राहिली असेल, तर तिथे हार्डवेअरचं दुकान नाही. दुसरी गरज ताडोबाच्या बचाव पथकासारख्यांची. वाघाला बेशुद्ध करायला निघालेल्या पथकाकडे बंदूक, डार्ट, सुया, झायलाझिन-केटामिन आणि त्यावरचं उलट औषध, एवढं सगळं असतं. नेम चुकलेला डार्ट झुडपात राहिला, तर त्यात औषध तसंच भरलेलं असू शकतं, आणि सकाळी तिथे मोहफुलं वेचायला बाया येतात. अंधारात, घाईत, टॉर्चच्या उजेडात पेटीतली एक रिकामी लाल खाच दिसणं मला तिथे फार मोलाचं वाटतं.

साहित्याची अडचण नाही. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्यांकडे ईव्हीएची शीट मिळते, ती पाणी शोषत नाही. आपल्या पावसासाठी एवढंच करावं की प्रत्येक खाचेच्या तळाला छोटं भोक ठेवावं आणि हत्यार तेलाच्या फडक्याने पुसूनच आत ठेवावं, नाहीतर खाचेत साचलेल्या पाण्याने गंज धरतो. चिकटवलेले थर मे महिन्यातल्या बंद गाडीत सुटतात, म्हणून पेटी सावलीत ठेवावी.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयमधल्या शिल्प निदेशकांना माझी विनंती आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून एक जॉब या पेटीचा करून घ्या, त्याच्या स्वतःच्या हत्यारांच्या मापाचा. मग तो स्टुटगार्टला येवो की सुरजागडच्या खाणीवर जावो. खर्च एका शीटचा आणि एका दुपारचा आहे.