वाण्याला वाणी का म्हणतात?

मंडळी, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. आणि बहुतेक वेळा विचारणाराच उत्तर देऊन टाकतो, 'गोड वाणीनं माल विकतो, म्हणून वाणी!' ऐकायला छान आहे, पण तसं नाही. बोलण्याची 'वाणी' संस्कृतातून जशीच्या तशी आली. दुकानातला वाणी आला तो 'वणिज्' या शब्दावरून. 'वाणिज्य' त्याच घरातलं. प्राकृतात त्याचा 'वाणिअ' झाला, मराठीत वाणी, गुजरातीत वाणियो, हिंदीत बनिया. वाण्याकडचं ते वाणसामान. दोन वेगळे शब्द झिजत झिजत एकसारखे झाले, इतकंच.

आता आपण लोणावळ्याजवळच आहोत, तर कार्ल्याला जाऊ. एकवीरेच्या देवळाशेजारचं चैत्यगृह आपण सगळ्यांनी पाहिलंय. आत शिरताना व्हरांड्यातला ब्राह्मी लेख मात्र सहसा कुणी बघत नाही. सुमारे २००० वर्षांपूर्वीचा हा लेख सांगतो की वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या 'सेठी'नं हे शैलगृह पूर्ण केलं. जंबुद्वीपातलं सर्वोत्तम, असंही त्यात म्हटलंय! याच चैत्यगृहाच्या दानलेखांत धेनुकाकट इथल्या 'वाणिय-गामा'चंही दान आहे. इथे गाम म्हणजे खेडं नव्हे. 'ग्राम'चा जुना अर्थ समूह, म्हणून अभ्यासक याचा अर्थ व्यापाऱ्यांचा संघ असा लावतात. बोरघाटानं कोकणात माल उतरायचा, चढायचा. त्या वाटेवर पैसा होता आणि तो लेण्यांनाही लागला.

गंमत बघा. आपण सामान 'वाण्याकडून' आणतो, पण दुकानात 'अहो वाणी' अशी हाक मारत नाही. म्हणतो, 'शेठ, अर्धा किलो साखर द्या.' सेठी म्हणजे श्रेष्ठी, व्यापाऱ्यांतला वरचा माणूस. म्हणजे साखर घेता घेता आपण वाण्याला बढती देतो! कार्ल्यातही सेठीचं नाव स्वतंत्र कोरलंय, वाणिय मात्र घोळक्यानं येतात. पुढे 'वाणी' हे जातीचंही नाव झालं, लिंगायत वाणी, लाड वाणी वगैरे. धंदा सुटला तरी नाव चिकटून राहिलं.

सगळ्यात वाईट गत झाली 'सावकार' शब्दाची. त्याच्या मुळाशी आहे 'साधु', म्हणजे सज्जन, ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा असा. साधुचा झाला साहू, साहूचा साहुकार, आणि मग सावकार. १२ मे १८७५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. राग होता तो कर्जाच्या कागदांवर आणि वह्यांवर. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. त्या दिवशी 'सावकार' म्हणताना कुणाला त्यातला साधू आठवला असेल?

'वाणी'च्या वाट्याला एवढं आलं नाही. उलट तो साता समुद्रापार गेला. गुजराती वाणियावरून पोर्तुगीज, इंग्रज व्यापाऱ्याला 'बनियन' म्हणू लागले. ज्या वडाखाली हे व्यापारी बसत, त्या वडालाही इंग्रजीत तेच नाव पडलं. आपल्या अंगातलं बनियनही तिथूनच आलं.