लग्नाचे चित्रीकरण : सुपारी देण्यापूर्वी

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. रामसीतेचे ते लग्न पुन्हा लावता येत होते, कारण ते नाटक होते. आपल्या घरच्या लग्नाला मात्र दुसरा प्रयोग नाही. अंतरपाट दूर होतो तो एकदाच. त्याच क्षणी कॅमेऱ्यापुढे कुणी पाव्हणा येऊन उभा राहिला, तर पुढे पन्नास वर्षे आपण त्याची पाठच पाहत बसणार! म्हणून चित्रीकरणाची सुपारी देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे हिताचे आहे.

पहिली गोष्ट माणसाची पारख. चित्रीकरण करणारे लोक आपल्याला गाण्यावर बसवलेली पाच मिनिटांची चित्रफीत दाखवतात. ती सुरेख असतेच. पण तेवढ्यावरून निर्णय करू नये. एखाद्या लग्नाची संपूर्ण फीत मागून पाहावी. अक्षता पडताना वधूवरांचे चेहरे दिसतात काय, मंगलाष्टके नीट ऐकू येतात काय, हे त्यावरून कळते. शिवाय, “तुम्ही स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार?” हे स्पष्ट विचारावे. दाट तिथीला एकाच दिवशी अनेक लग्ने असतात आणि ऑर्डर घेणारा एक, येणारा दुसरा, असे घडते.

दुसरी गोष्ट, काय टिपायचे ते आपण सांगायचे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी असते, तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. आपल्याकडे मात्र अक्षता पडल्या की मंडळी पंगतीकडे वळतात आणि कॅमेराही त्यांच्यामागे जातो. मुख्य विधी राहतो बाजूला, जिलेबी तेवढी चित्रात येते! यासाठी विधींची आणि वडीलधाऱ्यांची यादी आदल्या दिवशीच हाती द्यावी व घरचा एक जाणता माणूस सोबत द्यावा.

तिसरी गोष्ट आवाजाची. कॅमेरा लांब असला की त्यात कर्ण्याचा आणि बँडचा गोंगाटच भरतो. गुरुजींजवळ एक लहान मायक्रोफोन वेगळा ठेवायला सांगावे. थरथरत्या आवाजात मंगलाष्टक म्हणणारी आजी पुढे राहत नाही. तिचा आवाज तेवढा राहू शकतो.

चौथी गोष्ट कागदाची. किती तास, किती माणसे, इसार किती, फीत कधी मिळणार, हे सारे लिहून घ्यावे. यात संकोच कशाला? पुढे तक्रारीची वेळ आलीच, तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे हाच कागद कामी येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन आपण करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला हक्क आपलाच असतो. मात्र उलट करार केलेला नसेल तर. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. आपल्या मुलीचे चित्र त्यांच्या जाहिरातीत चालेल की नाही, तेही त्यात लिहावे.

शेवटची गोष्ट जतनाची. कितीतरी घरांत लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत, पण त्या लावायला यंत्र नाही. फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ साली ती यंत्रे बनवणे थांबवले. तेव्हा अशा कॅसेटी वेळीच संगणकावर उतरवून घ्याव्यात. नव्या फितीच्याही दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन गावी ठेवाव्यात. २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीत घरोघर शिरले, ते कपाटातले काय मोलाचे आहे हे विचारून शिरले नाही. सांगलीची मुलगी साताऱ्याला दिली असेल, तर एक प्रत माहेरी राहावी, एक सासरी.

आणि एवढा खर्च झेपत नसेल, तर कर्ज काढू नये. घरातल्या एखाद्या शांत हाताच्या भाच्याने मोबाइल तिकाटण्यावर स्थिर ठेवून अक्षता आणि सप्तपदी टिपली, तरी आठवणीला ती पुरेशी आहे.