कॉफीचा डबा आणि ‘औषधा’चा डबा

बीड जिल्ह्यात पाहुणा आला की चहाच टाकला जातो. कॉफी येते ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुण्या-मुंबईहून आलेल्या नातेवाइकांच्या पिशवीतून, नाहीतर रात्री अभ्यासाला बसणाऱ्या पोरांच्या खिशातून. मग बाटली फळीवर पडून राहते आणि चार महिन्यांनी आत पुडीऐवजी दगड निघतो.

कारण ओल. इन्स्टंट कॉफी म्हणजे काढा करून वाळवलेली पूड. ती हवेतले पाणी ओढते. उकळत्या पातेल्यावर बाटली धरून चमचा घातला, तरी वाफ आत जाते. कोरडा चमचा, घट्ट झाकण आणि चुलीपासून लांबची जागा, एवढे पुरे. फिल्टर कॉफीची दळलेली पूड मात्र नाजूक. हवा लागली की तिचा वास उडतो, तेल खवट होते. पुडा फोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत संपवावी. फ्रिजमध्ये तिला लसणाचा वास लागतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात वरची फळी तापते, म्हणून डबा खाली ठेवावा. रोजंदारीवरच्या घराला खरे तर छोटी पुडीच बरी. मोठी बाटली स्वस्त पडते, हा हिशेब रोज कॉफी पिणाऱ्याचा. आणि चहा असो वा कॉफी, जेवणाबरोबर घेतली तर अन्नातले लोह अंगी कमी लागते; रक्त कमी असलेल्या आयाबहिणींनी तासाभराचे अंतर ठेवावे.

आता डब्याचे. कपाशीवर फवारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, तिथेच घोटाळा आहे. त्याचा डबा जाड, झाकण घट्ट, टाकवत नाही. धुऊन त्यात तेल, पाणी, कधी साखर-चहापत्तीही भरली जाते. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतले जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले असावे, असा संशय होता. हेच विष कपाशीवरही फवारले गेले आहे. कितीही धुतला तरी तो डबा खाण्यापिण्याच्या कामाचा नाही. त्याला भोक पाडून चेपून टाकावे, म्हणजे दुसराही कोणी नेणार नाही.

उलटेही घडते. उरलेले औषध सरबताच्या नाहीतर कॉफीच्या रिकाम्या बाटलीत ओततात. ऊसतोडीच्या कोपीत तर एकच खोली. तिथेच चूल, तिथेच लेकरू, आणि लेकराला बाटली ओळखीची वाटते. विष मूळ डब्यातच, कुलपात, स्वयंपाकाच्या जागेपासून दूर असावे.

लाळ गळणे, घाम, उलट्या, बाहुली बारीक होणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसली तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. 108 ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना तो डबाही सोबत न्या. डॉक्टरला विषाचे नाव त्यावरूनच कळते.